एसीच्या नळीचा न सुटणारा नट

मोटार बारा-पंधरा वर्षांची झाली, की तिच्या एसीत काही ना काही काम निघतेच. कधी कॉम्प्रेसर बदलायचा असतो, कधी रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर गळू लागतो, तर कधी एखादी रबरी नळी तडकलेली असते. काम कोणतेही असो, त्याची सुरुवात बहुधा एकाच गोष्टीने होते. दोन नळ्या जिथे एकमेकींना जोडलेल्या आहेत, तिथला नट सोडवायचा. आणि पुष्कळदा काम तिथेच अडते. पाना लावला, जोर दिला, नट हलत नाही. आणखी जोर दिला, की काहीतरी फिरल्यासारखे वाटते, कारागिराला हायसे वाटते आणि पुढच्याच क्षणी त्याच्या लक्षात येते की नट फिरलाच नाही, नळी पिळली गेली आहे. एका रबरी कड्यासाठी हाती घेतलेले काम मग अख्खी नळी, कधीकधी अख्खा कंडेन्सर बदलण्यावर जाते.

हा प्रश्न गॅरेजमधला असला तरी त्याचे उत्तर आठवीपासून बारावीपर्यंतच्या विज्ञानाच्या पुस्तकांत विखुरलेले आहे. दवबिंदू, धातूंची क्रियाशीलता, घनता, प्रसरण, केशाकर्षण, बलाचे आघूर्ण असे एरवी वेगवेगळ्या धड्यांत भेटणारे विषय इथे एका नटापाशी एकत्र आलेले दिसतात. वर्गात ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे उदाहरण हाताशी ठेवण्यासारखे आहे.

जोडणी असते कशी?

मोटारीच्या एसीतील नळ्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात. जोडाच्या एका बाजूला आटे पाडलेले तोंड असते. दुसऱ्या बाजूच्या नळीला टोकापासून थोड्या अंतरावर एक गोल फुगवटा काढलेला असतो आणि त्या फुगवट्यापुढे रबराचे एक कडे बसवलेले असते. नट या दुसऱ्या नळीवर, फुगवट्याच्या मागे, सैलसर ओवलेला असतो. तो आट्यांवर चढवून आवळला की फुगवटा पुढे ओढला जातो, रबरी कडे दाबले जाते आणि जोड बंद होतो. (काही मोटारींत नटाऐवजी चपटा ठोकळा आणि एकच बोल्ट असतो. त्याचे दुखणेही याच जातीचे.)

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. गॅस अडवतो तो रबरी कड्याने. नटाचे काम फक्त दोन टोके एकमेकांपासून दूर होऊ न देण्याचे. त्यामुळे कारखान्यात हा नट फार घट्ट आवळलेलाच नसतो. नळीच्या जाडीनुसार साधारण १५ ते ३५ न्यूटन-मीटर एवढे आघूर्ण त्याला पुरते. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोग्रॅमचे वजन टांगले, तर जवळपास ३० न्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. म्हणजे शाळकरी मुलालाही हा नट आवळता यावा. मग पंधरा वर्षांनंतर तोच नट धडधाकट माणसाने सगळा भार टाकूनही का हलत नाही?

उत्तर उघड आहे. आज जो घट्टपणा जाणवतो आहे, तो कोणी आवळून आणलेला नाही. तो नंतर, आतल्या आत तयार झाला आहे. आणि तो कशाने तयार झाला हे कळल्याशिवाय पाना उचलणे म्हणजे निदानाआधी शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

घाम आणि मीठ

एसी चालू असताना गाडीच्या आतल्या बाजूकडून कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी चांगलीच गार असते. पावसाळ्यात हवेचे तापमान ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के धरली, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. नळी त्याहून कितीतरी गार असल्याने तिच्यावर पाणी जमते. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून ‘घाम’ फुटतो, तोच हा प्रकार. हे पाणी नळीवरून ओघळत नटाच्या मागच्या फटीत शिरते आणि तिथेच राहते. गाडी बंद केली की इंजिनाच्या उष्णतेने ते वाळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. पाणी शुद्ध असले तरी वाटेत रस्त्याची धूळ आणि क्षार विरघळवत ते आत जाते. रोज थोडे पाणी उडून जाते आणि क्षार मात्र साचत राहतात. मिठागराचे तत्त्व हेच, फक्त इथे वाफा मिलिमीटरभर रुंदीचा आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गावांत हवेतच मीठ असते, त्यामुळे तिथल्या गाड्यांत हा त्रास लवकर सुरू होतो. पुढच्या बाजूला असलेल्या कंडेन्सरच्या जोडांना हे पाणी घामातून मिळत नाही. त्यांच्यावर ते रस्त्यावरून उडते.

अॅल्युमिनियम खरे तर फार क्रियाशील धातू. तरी घरातली पातेली वर्षानुवर्षे टिकतात, कारण हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड आयन हा पापुद्रा जागोजागी फोडतात. उघड्या जागी तो पुन्हा भरून येतो, पण अरुंद फटीत तसे होत नाही. फटीत ऑक्सिजन कमी पोहोचतो, तिथले पाणी हळूहळू आम्लधर्मी होते आणि क्षरण चालूच राहते.

त्यात नट पोलादाचा असेल तर आणखी भर पडते. पोलाद, अॅल्युमिनियम आणि मधे खारे पाणी म्हणजे एक छोटासा विद्युतघटच झाला. त्यात अॅल्युमिनियम धनाग्राची भूमिका घेते आणि झिजते. पोलादी नटाला सुरुवातीला जस्ताचा मुलामा असतो. तो असेपर्यंत जस्त आधी खर्च होते आणि अॅल्युमिनियमचा बचाव होतो. जस्त संपले की पाळी अॅल्युमिनियमची.

हे वर्गात दाखवता येते. जुन्या अॅल्युमिनियमच्या भांड्याच्या पत्र्यातून तीन पट्ट्या कापा आणि पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करा. एक तशीच ठेवा, दुसरीवर लोखंडी तार घट्ट गुंडाळा, तिसरीवर तांब्याची. (लोखंडी तार जस्ताचा मुलामा नसलेली घ्या, नाहीतर प्रयोग भलतेच सांगेल.) तिन्ही पट्ट्या मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा. तांबे गुंडाळलेल्या पट्टीवर पांढरा, जेलीसारखा थर सर्वात लवकर आणि ठळक दिसेल. शाळेत मल्टिमीटर असेल, तर एकमेकांना न चिकटवता मिठाच्या पाण्यात धरलेली अॅल्युमिनियमची पट्टी आणि तांब्याची तार यांच्यातील विभवांतर मोजा. ते साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते. लोखंडाबरोबर ते बरेच कमी भरते.

तो पांढरा थर म्हणजेच आपला खरा प्रतिस्पर्धी. तो मुख्यतः अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा असतो. आता अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एक छोटे गणित घालता येईल. २७ ग्रॅम अॅल्युमिनियमची घनता २.७, म्हणून त्याचे आकारमान १० घन सेंटिमीटर. त्यापासून ७८ ग्रॅम हायड्रॉक्साइड तयार होते. त्याची घनता सुमारे २.४, म्हणजे आकारमान झाले ३२ घन सेंटिमीटरच्या आसपास. धातू होता त्याच्या तिपटीहून जास्त जागा त्याचा गंज मागतो! पोलादाच्या तांबड्या गंजाचीही हीच कथा. नट आणि आटे यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याइतकी. तिच्यात तिप्पट फुगणारा पदार्थ तयार झाला, तर तो कुठे जाणार? तो दोन्ही धातूंना रेटत पाचर ठोकल्यासारखा बसतो. सिमेंटच्या खांबातली सळई गंजली की वरचे सिमेंट फुटून निघते, त्याचे कारणही हेच आहे.

शिवाय हा गंज फक्त आट्यांत धरत नाही. नट ज्या नळीवर सैल ओवलेला होता, त्या नळीच्या आणि नटाच्या मधल्या फटीतही तो धरतो. पाणी तर आधी तिथूनच आत जाते. नळी पिळली जाण्याचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. आटे कदाचित थोड्या जोराने सुटलेही असते, पण नट आणि नळी एकजीव झालेली असतात. नट फिरवला की नळीही फिरू पाहते. तिचे दुसरे टोक घट्ट धरलेले असते आणि मऊ अॅल्युमिनियमच्या मिलिमीटरभर जाडीच्या भिंतीला पिळायला हाताचा जोर पुरतो. म्हणून लांब दांड्याचा पाना आणि पान्यावर चढवलेला पाइप हे या कामातले सर्वात वाईट सल्लागार आहेत. जोर वाढवल्याने काय तुटायचे ते ठरत नाही. जे सर्वात कमकुवत असेल ते तुटते, आणि इथे कमकुवत आहे ती नळी.

आधी गॅस

नटाला हात लावण्याआधी नळीत काय आहे याचा विचार करायला हवा. गाडी बंद असली तरी एसीच्या नळ्यांत गॅस दाबाखाली असतोच. हल्लीच्या जुन्या गाड्यांत बहुधा आर-१३४ए हा गॅस असतो. त्याचा काही भाग द्रवरूपात असल्याने आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ६.७ बार जास्त असतो. टायरमध्ये असतो त्याच्या तिपटीहून अधिक. टायरमधली हवा सुटू लागली की दाब घटत जातो. इथे मात्र द्रव उकळून नवी वाफ तयार होत राहते, त्यामुळे फवारा लवकर थांबत नाही. हा द्रव वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. तो हातावर उडाला तर त्वचा गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॅस गळून गेलेलाच आहे असे मालक सांगत असला, तरी दाबमापक लावून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. चष्मा आणि हातमोजे तर हवेतच.

मग गॅस हवेत सोडून द्यावा का? अनेक ठिकाणी तेच केले जाते, आणि ते चूक आहे. याचा थोडा इतिहास विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. १९३० च्या सुमारास आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन वायू आला, तेव्हा तो वरदान वाटला होता, कारण तो जळत नाही आणि विषारीही नाही. त्याआधी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायू वापरत. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले की हे स्थिर वायू वर स्थितांबरात जाऊन तिथे क्लोरिन सोडतात आणि ओझोनचा नाश करतात. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जगभरच्या नव्या मोटारींत आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. भारतातही २०१० पर्यंत क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर, दम्याच्या फवाऱ्यांसारखे मोजके अपवाद वगळता, थांबवण्यात आला.

आर-१३४ए मध्ये क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला त्याचा धोका नाही. पण तापमानवाढीच्या बाबतीत शंभर वर्षांचा हिशेब केला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट परिणामकारक आहे. एका छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस सोडून दिला, तर त्याचा परिणाम ७०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे झाले ३०० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर साडेचार हजार किलोमीटरचा प्रवास एका फुस्स आवाजात संपला! या जातीचे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ साली किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये भारतानेही तिला मान्यता दिली. गाडी खूपच जुनी असेल आणि तिच्यात अजून आर-१२ च असेल, तर हिशेब याहूनही वाईट होतो. तेव्हा एसीच्या कामाची जिथे सोय आहे अशा गॅरेजमध्ये यंत्राने गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा आणि मगच पाना उचलावा. घरी करायचे काम इथून पुढचे, आणि तेही सवय असलेल्यानेच.

तीन रेघा, दोन पाने

गॅस काढल्यावर पहिले काम रंगाचे. नळी, नट आणि समोरचे आटे असलेले तोंड, या तिन्हींवरून जाईल अशी एक सरळ रेघ नखांच्या रंगाने किंवा पातळ ब्रशने ओढावी. नट थोडा फिरवल्यावर रेघ कुठे तुटली ते पाहिले, की आत काय चालले आहे ते कळते. नट आणि तोंड यांच्यामध्येच रेघ तुटली, पण नळी नटाबरोबर सरकली, तर आटे सुटताहेत आणि नळी पिळली जाते आहे. तिथेच थांबावे. नटाच्या दोन्ही बाजूंना रेघ तुटली, तर सगळे ठीक. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी युक्ती सगळेच कारागीर वापरत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

पाने नेहमी दोन लावायचे. एक नटावर, दुसरा समोरच्या तोंडावरच्या षट्कोनी भागावर. एक सोडवण्याच्या दिशेने, दुसरा उलट दिशेने अडवायला. शक्य असेल तर दोन्ही पाने एका मुठीत धरून जवळ ओढता येतील अशा कोनात लावावेत. मग दोन्ही आघूर्णे एकमेकांना जोडाच्या ठिकाणीच तोलतात आणि पलीकडच्या कंडेन्सरवर किंवा नळीवर काहीच ताण जात नाही. एकच पाना लावला, तर तेवढेच उलट आघूर्ण कुणीतरी द्यावेच लागते आणि ते देते ती बिचारी नळी. न्यूटनचा तिसरा नियम याहून महाग शिकवणी घेत नाही.

नटावरचा पाना उघड्या तोंडाचा नसावा. तो नटाच्या दोनच बाजू धरतो आणि मऊ नटाचे कोपरे गोल करून टाकतो. रिंग पाना नळीवरून जात नाही, म्हणून एका बाजूने नळीपुरती खाच ठेवलेला रिंग पाना मिळतो. ब्रेकच्या नळ्यांसाठी वापरतात तोच. तो पाच बाजूंना धरतो.

तेल आणि वेळ

गंजलेल्या नटावर पातळ तेल सोडतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते आत जाते कसे? गुरुत्वाकर्षणाने नव्हे, केशाकर्षणाने. एक ढोबळ हिशेब करू. तेलाचा पृष्ठताण ०.०२५ न्यूटन प्रति मीटर आणि घनता पाण्याच्या ०.८ पट धरली, तर ०.०५ मिलिमीटर रुंदीच्या फटीत असे तेल १२-१३ सेंटिमीटर वर चढू शकते. नटाची लांबी दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे नट उलटा असो, आडवा असो, तेल पोहोचायला अडचण नाही. अडचण वेगाची आहे. फट मोकळी नाही, गंजाने भरलेली आहे. त्या गंजातल्या अतिसूक्ष्म वाटांतून तेलाला सरकत जावे लागते आणि त्याला तास नव्हे, रात्र लागते. तेल सोडून पाचच मिनिटांनी पान्यावर लटकणे व्यर्थ आहे. संध्याकाळी तेल सोडावे, रात्री पुन्हा सोडावे, सकाळी पाहावे. आणि ते दोन्हीकडून सोडावे. आट्यांच्या बाजूने तर सगळेच सोडतात. नटाच्या मागच्या बाजूला, नळी जिथे नटात शिरते तिथे, सोडायचे मात्र राहून जाते, आणि खरी गाठ तिथेच असते.

एखादा हुशार विद्यार्थी विचारील, की हा पांढरा गंज आम्लातही विरघळतो आणि अल्कातही, मग कॉस्टिक सोडा का टाकू नये? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की कॉस्टिक सोडा गंज विरघळवून थांबत नाही. त्याखालचा अॅल्युमिनियमही तो खातो आणि हायड्रोजन सोडतो.

गंज कडक असला तरी ठिसूळ असतो. त्याचा फायदा घ्यायचा. नटाच्या एका बाजूला जड लोखंडी ठोकळा टेकवून समोरच्या बाजूवर छोट्या हातोडीने हलके ठोके द्यायचे, बाजू बदलत जायचे. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. त्यानंतर नट पहिल्यांदा सोडवायच्या नव्हे, तर आवळायच्या दिशेने केसभर हलवून पाहावा. मग उलट, मग पुन्हा सुलट. नट एकदा हलला की एका दमात बाहेर काढायचा मोह होतो. तो आवरावा. सुटलेला गंज आट्यांत वाळूसारखा अडकतो, आणि अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम कोरडे घासले, तर पृष्ठभाग एकमेकांत रुतून पुन्हा जाम होतात. पाव वळसा पुढे, थोडा मागे, थोडे तेल, असेच करत जावे.

उष्णतेचा उपयोग, आणि ज्वाळेचा धोका

चेंडू आणि कडे यांचा प्रसरणाचा प्रयोग आपण दरवर्षी दाखवतो. कडे तापवले की चेंडू आरपार जातो. त्यामुळे नट तापवला की तो सैल होईल, असे वाटणे साहजिक आहे. पण इथे दोन्ही भाग जवळपास सारखेच तापतात, म्हणून कोणता धातू बाहेर आहे ते महत्त्वाचे ठरते. अॅल्युमिनियम एका अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते, पोलाद सुमारे १२. नट पोलादाचा की अॅल्युमिनियमचा, हे लोहचुंबक लावून लगेच कळते. बाहेर अॅल्युमिनियमचा नट आणि आत पोलादी तोंड असेल, तर २२ मिलिमीटर व्यासाच्या जोडात तापमान ६० अंशांनी वाढवल्यावर सुमारे ०.०१४ मिलिमीटरची फट मोकळी होते. आपल्या केसाच्या जाडीचा जेमतेम पाचवा भाग, पण गंजाची पकड सुटायला तेवढे अनेकदा पुरते. याउलट बाहेर पोलादी नट आणि आत अॅल्युमिनियम असेल, तर तापवल्यावर नट आणखी आवळला जातो! मात्र त्यामुळे मधला गंज चिरडला जातो आणि पुन्हा थंड झाल्यावर जोड सैल पडतो. अशा वेळी तापवावे, पूर्ण गार होऊ द्यावे, हवे तर बर्फ धरावा, आणि नट गार असतानाच फिरवावा. दोन-तीन वेळा असे करायला हरकत नाही.

तापवायचे कशाने? उकळत्या पाण्याने. नटावर जाड फडके गुंडाळून त्यावर किटलीतून पाणी सोडावे. (तेल सोडायचे ते यानंतर, गार झाल्यावर.) हा उपाय बावळट वाटतो, पण त्याची मोठी सोय अशी की तापमान १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. आतले रबरी कडे आणि जवळच्या वायरी शाबूत राहतात.

गॅसच्या ज्वाळेने मात्र तापवू नये, आणि इथे मला ‘सहसा’ हा शब्दसुद्धा घालावासा वाटत नाही. गॅस काढून घेतला तरी थोडा नळीत आणि तेलात विरघळलेला उरतोच. ज्वाळेत त्याचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड हा अत्यंत दाहक वायू तयार होतो. आर-१२ असेल तर हायड्रोजन क्लोराइड आणि थोड्या प्रमाणात फॉस्जिनही. कॉम्प्रेसरचे तेल तर जळणारेच. शिवाय अॅल्युमिनियमची एक दगाबाज सवय आहे. लोखंड तापले की आधी लाल होऊन सूचना देते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि तोवर दिवसाच्या उजेडात त्याचा रंग बदललेला दिसत नाही. नळी चकचकीत दिसते आहे तोच ती खाली ओघळते.

कापायचे असेल तर

एवढे करूनही नट हटत नसेल, तर प्रश्न बदलावा. ‘नट कसा सोडवू?’ असे न विचारता ‘यातले काय टाकून द्यायचे आहे?’ असे विचारावे. नळी बदलायचीच असेल, तर ती नटाच्या मागे सरळ कापून टाकावी. मग नटावर सहा कोनांचा बॉक्स पाना पूर्ण बसतो, सगळ्या बाजूंनी धरतो आणि नळी पिळण्याची भीतीच उरत नाही. तासभराची झटापट अशा वेळी दोन मिनिटांत संपते. नळी वाचवायची आणि नट बळी द्यायचा असेल, तर नटाच्या एका बाजूला हॅकसॉच्या पात्याने उभी खाच पाडावी. ती आट्यांपर्यंत न नेता थोडी जाडी शिल्लक ठेवावी आणि त्या खाचेत छोटी छन्नी बसवून हलक्या ठोक्याने नट उकलावा. तो फुगवट्यामागे अडकलेला असल्याने अशा नळीवर नवा नट ओवता येत नाही. नळीचे टोक दुसऱ्याकडून बनवून घ्यावे लागते, हे आधीच मालकाला सांगावे. कापताना कीस नळीत जाता कामा नये, कारण तो थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो.

जोडताना

जोड उघडल्याबरोबर दोन्ही तोंडांना बूच मारायचे. आर-१३४ए बरोबर वापरतात ते तेल हवेतली बाष्पे भराभर शोषते. आत शिरलेले पाणी पुढे प्रसरण झडपेत गोठते किंवा तेलाशी मिळून आम्ल बनवते. यंत्रणा उघडली की पाणी शोषणारी ड्रायरची डबीही बदलतात ती यासाठीच. आटे कडक नायलॉनच्या ब्रशने साफ करावेत, कानशीने नव्हे. रबरी कडे नवेच घालावे आणि ते गॅसला साजेशा तेलात बुडवून बसवावे. कोरडे कडे आवळताना पिळवटते. नट पहिले काही वळसे हातानेच बसला पाहिजे, आणि मग सुरुवातीला सांगितले तेवढ्याच आघूर्णाने आवळायचा. ‘पुन्हा गळू नये म्हणून जरा जास्तच’ असे करणे हे पुढच्या माणसासाठी नवे संकट रचणे आहे, कारण जास्त दाबाने कडे चिरते आणि गळती उलट सुरू होते. नटाच्या मागच्या फटीवर बाहेरून थोडे ग्रीस लावले, तर घामाचे पाणी तिथे शिरत नाही.

गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा काढतात. हे फक्त हवेसाठी नसते. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४२ मिलिबार. दाब त्याच्या खाली नेला की आत राहिलेले पाणी त्याच तापमानाला उकळून वाफेच्या रूपात बाहेर पडते. पंप बंद करून झडप मिटवायची आणि बारीक दाब दाखवणाऱ्या मापकाकडे पाहत बसायचे. काटा थोडा वर येऊन एका जागी थांबला, तर आत अजून पाणी आहे, पंप पुन्हा चालू करावा. काटा न थांबता वर सरकतच राहिला, तर मात्र कुठेतरी फट आहे, आणि शोध पुन्हा त्या नटापासून सुरू करावा लागतो.